एका डोळ्याचं मीटर

माय, तुझ्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसले. तू होतीस तेव्हा भांडायची सोय नव्हती. तुझ्या हातात कायम काहीतरी असायचं, लाटणं नाहीतर सुताची कांडी, आणि तू ते फेकून मारायचीस. तिसरीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते आहे. काना-मात्रा चुकल्या तरी तुला काय कळणार, तुला तर अंगठ्याच्या पुढे काही येत नव्हतं. कागद नातीकडून मागून घेतले. ती म्हणाली, "आजी, किसको लिख रही?" आमच्याकडची पोरं आता अशीच बोलतात, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. मी म्हटलं, तुझ्या पणजीला. "वो तो मर गई ना?" म्हटलं, म्हणूनच. जिवंत माणसं वाचून उलट उत्तरं देतात. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं लोक खोकला झालेल्या म्हाताऱ्यांकडे बघतात, आणि मोबाईल घेऊन आत गेली.

तुला तुझी खोली आठवत असेल. मला आठवते. मागच्या बाजूला चूल, पुढे ताण्याचा ढोल, आणि दोघांच्या मध्ये आम्ही पोरं. चुलीवर आधी ज्वारीच्या पिठाची खळ शिजायची, सुताला लावायला, आणि तीच पातेली खरवडून मग आमच्यासाठी कळण्याच्या भाकरीबरोबरचं पिठलं. पिठल्याला खळीचा वास यायचा, तो कोणी बोलून दाखवला तर त्या दिवशी पिठलंही नाही. मी कांड्यांच्या चौकटीजवळ उभी आहे, तू लाकडी ढोल फिरवते आहेस, ताण्याची, म्हणजे कापडाची सगळी उभी सुतं ओळीने ढोलावर जाताहेत. एक सूत तुटतं. मी बघते, ढोल तोवर हातभर पुढे गेलेला असतो, तुटलेलं टोक बाकीच्या सुतांत कुठेतरी दडलेलं. मी नवीन टोक घेते, थुंकी लावते, चिकटवून देते. कोणाला दिसणार होतं? तुला दिसलं. तू ढोल थांबवलास आणि माझी वेणी धरलीस. "जिथं तुटलं तिथं जोडायचं. ढोल मागे ने. टोक सापडेपर्यंत मागे ने." मी म्हटलं, एकच सूत तर आहे. तू म्हणालीस, "एकच सूत नसलं तरी कापडाला भेग पडते, आणि त्या भेगेतून सगळ्या गावाला आपलं घर दिसतं." मग माझ्याकडून ढोल मागे फिरवून घेतलास, टोक काढायला लावलंस, गाठ मारायला लावलीस, आणि त्या दिवसापासून मी कधी पुढे चिकटवलं नाही. सासरी येताना तू मला भांडी कमीच दिलीस, सासूने ती वर्षभर मोजून दाखवली. ही सवय मात्र ठासून भरून दिलीस. भांडणाचा मुद्दा तोच आहे. भांडी दिली असतीस तर बरं झालं असतं.

माझ्या सासरीही ताण्याचंच काम. तुझ्याकडे हातमागाचा ढोल होता, इथे पॉवरलूमचा, माणसाहून उंच, मोटरवर चालणारा. माग दुसऱ्यांचे, सूतही दुसऱ्यांचं. मागवाले शेठ पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळलेलं सूत पाठवतात, आम्ही त्याचा ताणा करून बीम, म्हणजे मागावर चढतो तो रूळ, भरून देतो, मजुरी घेतो. ताणा एकदम होत नाही, पट्ट्या-पट्ट्यांनी होतो. एक पट्टा ढोलावर भरायचा, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, आणि सगळे पट्टे सारख्याच लांबीचे पाहिजेत. एखादा आखूड निघाला तर मागावर बीम संपताना तो आधी संपतो, आणि बाकीच्या पट्ट्यांचं उरलेलं सूत कापून फेकावं लागतं. हे काम माझे मालक वारल्यावर मुलाने हाती घेतलं. त्याला मी तुझेच शब्द शिकवले, वेणी नव्हती म्हणून कान धरून. जिथं तुटलं तिथं जोडायचं. मोटर बंद करायची, ढोल हाताने मागे न्यायचा, टोक काढायचं, गाठ मारायची, मग पुन्हा मोटर चालू. आमच्या बुऱ्हाणपुरात दुसरा कोणी एवढं करत नाही. बाकीचे ताणेवाले टेप लावतात आणि पुढे जातात. आमच्या बीमवर एक भेग निघत नाही म्हणून शेठ लोक आमच्याकडे यायचे, आणि मी दारात बसून त्याचा तोरा मिरवायची.

लांबी मोजायला ढोलाच्या आसाला एक जुनं घड्याळ होतं. दात्यांचं, काळं, तेलकट. ढोल पुढे गेला की आकडा पुढे, हाताने मागे नेला की आकडाही मागे. त्याच्याकडे बघावंच लागायचं नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्याचे दाते झिजून तुटले आणि तसं घड्याळ आता कोणी बनवत नाही म्हणाले. मुलगा इंदूरला गेला. तिथे त्याला दुकानदाराने एन्कोडर दाखवला. मुठीएवढा डबा असतो, माय. आत एक चकती, तिच्यावर काठाने काळ्या रेघा, इतक्या बारीक की तुझी मागाची फणी गोल वाकवून रुपयाएवढी केली तर जसे तिचे दाते दिसतील तशा. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. आस फिरला की चकती फिरते, एकेक रेघ दिव्यासमोरून जाते, उजेड-अंधार, उजेड-अंधार, आणि डोळा तेवढं मोजतो. मोजलेलं तारेतून मीटरकडे जातं, मीटर आकडा दाखवतं. त्याने आणलेली एक फुटकी चकती मी उन्हात धरून बघितली आहे. सुंदर आहे. मेलं सुंदर असून काय उपयोग.

मुलगा भोळा आहे पण आळशी नाही. त्याने दुकानात सगळं विचारलं. सगळ्यात जास्त रेघांचा मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, तुमचा ढोल आहे, घड्याळजीचं दुकान नाही, गरजेपेक्षा जास्त रेघा घेतल्या तर वेग वाढला की मीटरला धाप लागते आणि मोजणी सुटते. बरोबर बोलला. मुलगा म्हणाला, आमच्याकडे रुई उडते, तर त्याने बंद अंगाचा दिला, ज्याच्या आत तूस जात नाही. लाईट गेली की हा एन्कोडर कुठे होता ते विसरतो, त्याला फक्त पुढचं पाऊल कळतं, म्हणून आकडा लक्षात ठेवणारं मीटर दिलं. आसाला कसा जोडायचा, तर हातोडीने ठोकायचा नाही, मध्ये वाकणारा जोड घालायचा, नाहीतर ढोलाच्या हादऱ्याने आतली चकती फुटते. हेही सांगितलं. आणि मग त्याने विचारलं, "एक डोळ्याचा पाहिजे की दोन? मशीन उलटी चलती है क्या?" मुलगा म्हणाला, "नाही." दुकानदाराने एक डोळ्याचा बांधून दिला. स्वस्त होता.

मुलगा खोटं बोलला नाही, माय. मशीन उलटी चालत नाही. मोटरला उलटं चालायचं बटणच नाही. उलटा आपला हात चालतो, आणि हाताला कोणी मशीन म्हणतं का?

पहिला बीम भरला त्या दिवशी तो दराब्याची मिठाई घेऊन आला, सुनेने मीटरला हळदकुंकू लावलं, लाल आकडे बघायला गल्लीतली पोरं आली. मीटर मोटरच्या बटणाजवळ बसवलं होतं. टोक शोधणारा माणूस ढोलाच्या पलीकडे वाकलेला असतो, त्याचे डोळे सुतात. मीटरकडे कोण बघणार? जुन्या घड्याळाने आम्हाला न बघायची सवय लावून ठेवली होती. सगळं छान चाललं. छान म्हणजे इतकं छान की कोनांवर सूत जास्त उरायला लागलं. कोनाच्या तळाशी उरलेलं सूत ताणेवाल्याचं, ही जुनी रीत आहे, शेठही ते मागत नाहीत. सून म्हणाली, "आई, यंदा बरकत आहे हो." मी त्या सुताचे नाडे वळले. पायजम्याचे, परकराचे. दुपारभर दुसरं काम काय असतं मला? गल्लीत ज्याने मागितला त्याला दिला. माझ्यासारखी तोंडाळ बाई फुकट काही देते म्हणून लोकांनाही नवल वाटलं.

बीम मागावर चढून संपायला दिवस लागतात. म्हणून बोंब उशिरा आली, आणि आली ती सगळ्यांची मिळून आली. एकाचा बीम आखूड निघाला, मग दुसऱ्याचा. त्यातही सगळे पट्टे सारखे आखूड नाहीत, एक इतका, एक तितका, म्हणजे मागावर ताण्याच्या चिंध्या. ज्या शेठचं आमच्याकडे सगळ्यात जास्त काम, तो स्वतः आला. अस्तराचं कापड विणतो, माणूस वाईट नाही. दारात उभा राहूनच बोलला. "मावशी, गल्लीभर नाडे वाटले तुम्ही. एवढं सूत आलं कुठून?" मी म्हटलं, कोनावरचं. तो म्हणाला, "कोनावर एवढं उरतं कधी? मीटर सेट करून ठेवलंय तुमच्या मुलाने. आकडा पूर्ण दाखवतं आणि सूत घरात राहतं." मुलगा आतून आला, हाताला तेल. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "शेठ, मीटर नवीन आहे." शेठ म्हणाला, "हाँ, तभी तो."

त्यानंतर सूत यायचं बंद झालं. मुलाने एन्कोडर काढला, पुसला, पुन्हा बसवला. आत तूस नव्हतं. जोड बदलला. तारा बदलल्या. ढोल मोटरवर पुढे फिरवून फितीने मोजलं, एका बोटाचा फरक नाही. मीटर बरोबर, ढोल बरोबर, आणि बीम आखूड. सून देवळात जाऊन आली. मी म्हटलं देवाला मीटरमधलं काय कळतं, तर माझ्याशी अबोला.

कळलं ते असं. घरात उरलेल्या सुताचा त्याने एक पट्टा लावून बघितला. ऊन खाली आलं होतं, मी शेडमध्ये रिकामे कोन वेगळे करत बसले होते. सूत तुटलं. त्याने मोटर बंद केली आणि सवयीने ढोल हाताने मागे ओढायला लागला. मी समोर, मीटरच्या बाजूला. माझ्या मनात काही नव्हतं, लाल काहीतरी हललं म्हणून मान वर केली. "अरे, हे अजून चालू आहे." तो म्हणाला, "चालूच असतं." आणि मग तो ढोल सोडून वाकून बघायला आला. परत गेला, ढोल मागे ओढला, तिथून ओरडला, "आई, आकडा कमी होतोय की जास्त?" मी म्हटलं, जास्त. "नीट बघ." म्हटलं, मला तिसरीपर्यंतचे आकडे येतात, जास्त होतोय. तो तिथेच कोनांच्या पोत्यावर बसला.

मग त्याने मला समजावलं, आणि तेव्हा तो बरा दिसत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भिंतीवरची जुनी फणी काढली, माझ्या डोळ्यासमोर धरली, सरकवली. "एक डोळा झाक. दाते जाताहेत?" जाताहेत. त्याने हात उलटा सरकवला. "आता?" जाताहेत. "पुढे की मागे, ते सोड. फक्त गेले किती ते मोज." मी मोजत राहिले असते तर दोन्ही वेळचे दाते एकाच बेरजेत पडले असते. एका डोळ्याला एवढंच कळतं की काहीतरी गेलं. दोन डोळ्यांच्या एन्कोडरमध्ये दुसरा डोळा अर्ध्या दात्याने सरकवून बसवलेला असतो. पुढे जाताना रेघ आधी एकाला दिसते, मागे येताना आधी दुसऱ्याला, आणि त्यावरून मीटरला कळतं वजा करायचं की अधिक. आमच्या मीटरने वजा कधी केलंच नाही. टोकासाठी हातभर मागे गेलो, त्याने हातभर अधिक धरलं. तेच पुन्हा पुढे आलो, आणखी हातभर धरलं. ज्या पट्ट्यात सूत जास्त तुटलं तो जास्त आखूड. जिथे आम्ही जास्त मेहनत केली तिथे जास्त चोर ठरलो.

आणि बाकीचे ताणेवाले, माय? त्यांच्याकडेही एका डोळ्याचेच आहेत. कारण सगळ्यांनी त्याच दुकानातून आणले. त्यांचे बीम पूर्ण निघतात. ते मागे जातच नाहीत. टेप लावतात आणि पुढे. त्यांचं मीटर खरं बोलतं आणि कापडाला भेग पडते, आणि भेगेसाठी कोणाला कोणी चोर म्हणत नाही. हे कळलं त्या दिवशी मी तुला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही, नात कधी वाचेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठकडे गेलो. मी मागे लागले म्हणून मुलगा आला. तो एकटा गेला असता तर नमस्कार करून परत आला असता. एन्कोडर, मीटर आणि फणी पिशवीत घेतली. शेठने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुलाने टेबलावर सगळं मांडलं, एन्कोडरचा आस बोटाने पुढे फिरवला, मागे फिरवला, आकडा दोन्ही वेळा चढला. शेठने स्वतः फिरवून बघितला. त्याचा मुनीम पण येऊन बघून गेला. शेठ म्हणाला, "समझ गया. मान गया भाई. चोरी नव्हती."

मुलगा म्हणाला, "मग तेवढं बाकीच्यांना सांगा."

शेठ त्या आकड्याकडेच बघत होता. म्हणाला, "काय सांगू? एक आँखवाला मीटर था? मला इथे समोर बसून अर्धा तास लागला समजायला. ते चौकात उभ्या उभ्या ऐकतील? म्हणतील शेठ पण मिळालेला आहे. पहिली बोंब तर मीच मारली होती ना."

मी म्हटलं, "बोंब मारायला तोंड मोठं होतं, मागे घ्यायला बारीक झालं का?"

"मावशी, तुमची जीभ फार कडू."

"कडू आहे म्हणून बरोबर आणली. मुलाला देवाने ती दिलीच नाही."

तो हसला, रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "मावशी, माझं काम मी दुसऱ्याला देऊन टाकलं. त्याच्या बीमला भेगा आहेत, मान्य. पण गिऱ्हाईक भेगा बघत नाही आता, अस्तर आत जातं कपड्याच्या. लांबी बघतो." आणि मुलाला म्हणाला, "तू भी टेप लगा लेता तो?" मुलगा तारा गुंडाळत होता. त्याने त्या पिशवीत कोंबल्या. घरी येईपर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे चालला, आणि मी हाक मारली नाही.

दोन डोळ्यांचा एन्कोडर त्याने तरीही आणला. बसवला. ढोल मागे नेला, आकडा उतरला, पुढे नेला, चढला. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. एखाद्या पाहुण्याने घरातलं माणूस गेल्यावर यावं तसा आला तो. सूत घेऊन कोणी आलं नाही. शेडचा दरवाजा रोज उघडायचा, झाडायचं, बंद करायचा, हे किती दिवस करणार? ढोल घ्यायला कोणी ताणेवाला तयार नव्हता, आमच्या शेडमधली वस्तू म्हणून. शेवटी भंगारवाल्याने गॅसने कापून तुकडे करून नेला. लोखंड कापताना सून आत जाऊन बसली. मी बाहेर उभी राहिले. कोणीतरी राहायला पाहिजे, नाहीतर ते लोक बिजलीच्या तारासुद्धा उपटून नेतात. मुलगा आता फोपनारच्या रस्त्याला केळीच्या गोदामात जातो, घड धुवायचे, खोक्यात भरायचे. तिथे मोजायचं काम दुसऱ्याकडे आहे. त्याने स्वतःच सांगितलं म्हणे, मला मोजायला ठेवू नका.

तुझं चुकलं असं म्हणत नाही. तू शिकवलंस ते बरोबरच होतं, आणि बरोबर असून त्याने आमचं वाटोळं केलं, आता याचं मी काय करू ते सांग. चूक असतं तर टाकून दिलं असतं. नातीला काय शिकवू? ती परवा पोलक्याला हुक लावत होती, दोरा अडकला, तिने ओढून तोडला आणि तिथूनच पुढे सुरू केलं. मी बघितलं. तिची वेणी धरली नाही.

काल रात्रीच्या जेवणाला मुलगा लवकर आला होता. भाकरी मोडता मोडता त्याने खाली बघून विचारलं, "आई, खरं सांग. मध्ये कधी तुला वाटलं होतं का, मी सूत विकतो म्हणून?" सुनेचा हात तव्यावर थांबला. मी म्हटलं, "तुझ्यात तेवढी अक्कल असती तर हा दिवस आला असता का?" तो हसला. सून हसली. नात पण हसली, तिला काय कळलं देव जाणे. बऱ्याच दिवसांनी या घरात हसणं झालं आणि ते माझ्यामुळे झालं, म्हणून कोणी मला आणखी काही विचारलं नाही.

हे कागद मी ठेवणार नाही, सुनेला वाचता येतं. पण तुला सांगते, माय, जेवताना मी गंमत केली नव्हती. त्याने खरंच चोरलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.